लष्करी अळीच्या पेशीतून लस

सात रस्त्यावर लसीचा विषय निघाला की आम्हाला हमखास विचारलं जातं, "सुईतून विषाणूच टोचतात ना?" दरवेळी तसं नसतं. विषाणूसदृश कण म्हणजे विषाणूचं नुसतं टरफल. आत त्याची जनुकं नसल्याने आजार होत नाही, पण शरीराला शत्रूची ओळख पटते. हे कण कीटकांच्या पेशींत बनवता येतात. बॅक्युलोव्हायरस या कीटकांच्या विषाणूत हवं ते जनुक घालून तो पेशींत सोडतात; पेशींनी बनवलेलं प्रथिन शुद्ध करून घेतात. गर्भाशयमुखाच्या कर्करोगावरची 'सर्व्हॅरिक्स' अशीच बनते. पुण्याच्या सीरमची 'कोव्होव्हॅक्स' अगदी टरफल नव्हे, पण तिचं प्रथिनही याच पद्धतीचं. त्या पेशी मूळच्या लष्करी अळीच्या. २०१८ मध्ये सोलापूरच्या मक्यावर आलेली तीच! मुलींच्या लसीबद्दल शंका असेल तर अफवांवर जाऊ नका, डॉक्टरांना विचारा.