उडत्या पेढीचें दिवाळें

साबणाच्या कारखानदाराला परदेशांत हातपाय पसरावयाचे असले तर त्याचा मार्ग सरळ असतो. तेथला एखादा कारखाना पसंत करावा, किंमत ठरवावी आणि तो विकत घ्यावा. मालक परका झाला म्हणून साबणाला फेस कमी येत नाहीं, आणि कोणत्याहि सरकारला त्यांत आपल्या प्रतिष्ठेला धक्का बसल्यासारखें वाटत नाहीं. विमान कंपनीची गोष्ट निराळी आहे. तिची वाट आकाशांतून जाते खरी, पण आकाश बेवारशी नाहीं. १९४४ सालीं शिकागो येथें जमलेल्या राष्ट्रांनीं आपापल्या भूमीवरील आकाशावर प्रत्येक राष्ट्राची संपूर्ण सत्ता असल्याचें मान्य केलें. आणि पुढें दोन दोन राष्ट्रांनीं आपसांत करार करून कोणाच्या विमानांनीं कोठें उतरावें व किती वेळां उतरावें हें ठरविलें. या करारांत बहुधा एक कलम आढळतें. ज्या कंपनीला उतरण्याचा हक्क मिळावयाचा, तिची मालकी मुख्यत्वें त्याच राष्ट्राच्या नागरिकांकडे असली पाहिजे आणि तिचा कारभारहि खरोखर त्यांच्याच हातीं असला पाहिजे.

या एका कलमानें विमानधंद्याचें सारें गणित बदलून टाकलें आहे. परक्यानें निम्म्याहून अधिक भाग घेतले कीं कंपनीचें राष्ट्रीयत्व जातें, आणि राष्ट्रीयत्वाबरोबर उतरण्याचे हक्कहि जातात. गाय विकत घ्यावी आणि गोठा बदलतांच तिचें दूध आटावें, असा हा प्रकार आहे. म्हणून अमेरिकेनें परक्यांना मतदानाच्या हक्काचे फक्त २५ टक्के भाग घेण्याची मुभा ठेवली. युरोपीय संघानें परक्यांना निम्म्याच्या अलीकडेच थांबविलें. आणि भारतानें २०१२ सालीं परदेशी विमान कंपन्यांना दार उघडलें तेंहि ४९ टक्क्यांपुरतेंच.

मग वाढूं इच्छिणाऱ्या कंपनीनें काय करावें? एक मार्ग कराराचा. दोन कंपन्यांनीं एकमेकींच्या विमानांवर आपापले क्रमांक घालावे, उतारूला एकाच तिकिटावर दोघींच्या विमानांतून न्यावें, त्याचें सामान वाटेंत परस्पर हलवावें. दुसरा मार्ग भागीदारीचा. परक्या कंपनीचे कांहीं भाग विकत घ्यावे आणि तिचे उतारू आपल्या विमानतळाकडे वळवून घ्यावे. दुसरा मार्ग दिसावयाला अधिक भक्कम. आवळा देऊन कोहळा काढण्याची त्यांत सोय दिसते. हा मार्ग शेवटपर्यंत चालून पाहण्याचें धाडस ज्या कंपनीनें केलें, ती जगांतल्या अत्यंत सावध म्हणून नांवाजलेल्या देशांतली होती.

स्विसएअर १९३१ सालीं बालएअर आणि ॲड ॲस्ट्रा या दोन लहान कंपन्यांच्या मीलनांतून जन्मास आली. देश डोंगराळ, लोकवस्ती थोडी, समुद्र नाहीं. तरी पन्नास वर्षांत तिनें असा लौकिक मिळविला कीं लोक तिला उडती पेढी म्हणूं लागले. विमानें वेळेवर, हिशेब चोख, गंगाजळी भरलेली. लाल शेपटीवरील पांढरा क्रॉस ही स्विस लोकांना केवळ व्यापारी खूण वाटत नसे. परदेशांतल्या विमानतळावर ती दिसली कीं घर जवळ आल्यासारखें त्यांना वाटे.

६ डिसेंबर १९९२ रोजीं या देशांत सार्वमत झालें. युरोपीय आर्थिक क्षेत्रांत सामील व्हावें कीं नाहीं, हा प्रश्न होता, आणि ५०.३ टक्के मतदारांनीं नकार दिला. शेतकऱ्याला किंवा घड्याळजीला त्या निकालाची झळ लगेच लागली नसेल. विमान कंपनीला मात्र ती चार आठवड्यांच्या आंत लागली. कारण १ जानेवारी १९९३ पासून युरोपीय समाजांतील कंपन्यांना त्या साऱ्या प्रदेशांत जवळजवळ हव्या त्या शहरीं, हव्या त्या भाड्यानें उडण्याची मोकळीक मिळाली; आणि नकाशाच्या मध्यभागीं बसलेली स्विसएअर कुंपणाबाहेर राहिली. तिला प्रत्येक शहरासाठीं जुन्या करारांची कवाडें ठोठवावीं लागणार होतीं. स्वदेशांतले उतारू तर तिच्या मोठ्या विमानांना पुरणारे नव्हते.

पहिला उपाय तिनें योग्यच शोधला होता. हॉलंडची केएलएम, स्कँडिनेव्हियाची एसएएस, ऑस्ट्रियन आणि स्विसएअर या चौघींनीं मिळून एकच कंपनी करावी, अशी अल्काझार नांवाची योजना १९९३ सालीं आकाराला आली होती. ती मोडली त्याचें मुख्य कारण मनोरंजक आहे. अमेरिकेंतला जोडीदार कोणता घ्यावा यावर एकमत होईना. केएलएमचें सख्य नॉर्थवेस्ट कंपनीशीं होतें, स्विसएअरचें डेल्टाशीं. कोणीच आपला जुना स्नेही सोडावयास तयार नव्हतें. नोव्हेंबरांत बोलणीं संपलीं. घरांतल्या वाटणीवर नव्हे, तर पाहुण्यांच्या मानपानावरून हें लग्न मोडलें.

यानंतर स्विसएअरनें भाग घेण्याचा मार्ग धरला. १९९५ सालीं तिनें बेल्जमची सबेना ही कंपनी निवडली आणि तिचे ४९.५ टक्के भाग घेतले. सबेना १९२३ सालची, मोठ्या नांवाची. पण तिच्या इतिहासांत नफ्याचीं वर्षें फार थोडीं. युरोपीय समाजाच्या आंत पाऊल टाकावयास मिळतें, हें तिचें आकर्षण होतें. पुढें समूहाचीं सूत्रें फिलिप ब्रुगिसर यांच्या हातीं आलीं, आणि मॅकिन्से या सल्लागार कंपनीच्या साहाय्यानें एक धोरण ठरलें. त्याचें नांव ‘हंटर’, म्हणजे शिकारी. मोठ्या कंपन्यांच्या संघांत धाकटा भाऊ होऊन राहण्यापेक्षां लहान कंपन्या गोळा करून आपणच वडीलकी मिळवावी. लुफ्तान्सा, ब्रिटिश एअरवेज आणि एअर फ्रान्स यांच्या पंक्तीस चौथें पान मांडावें, असा त्यांतला हेतु होता. जर्मनींत एलटीयू, फ्रान्समध्यें एओएम, एअर लिटोरल आणि एअर लिबर्ते, इटलींत व्होलारे व एअर युरोप, पोलंडमध्यें लॉट, आणि दूर दक्षिण गोलार्धांत साउथ आफ्रिकन एअरवेज. थोड्या वर्षांत ही यादी तयार झाली, आणि तिच्यांतल्या युरोपीय मंडळींना एकत्र बांधण्यासाठीं १९९८ सालीं ‘क्वालिफ्लायर’ हा संघ निघाला.

योजनेंतली पहिली चूक बाजारांत गेलेल्या कोणत्याहि गृहिणीच्या ध्यानांत आली असती. सायंकाळीं उशिरां गेल्यावर टोपलींत काय उरतें? सशक्त कंपन्यांनीं आपापले सोबती आधींच निवडले होते. ज्यांचे भाग सहज मिळत होते त्यांतल्या बहुतेक अशक्त होत्या, आणि भाग विकावयास त्या राजी होत्या त्या अशक्त होत्या म्हणूनच.

दुसरी चूक अधिक खोल होती, आणि ती त्या शिकागोच्या काळापासून चालत आलेल्या कलमांतूनच उद्भवली. स्विसएअरला निम्म्यापलीकडे जातां येत नव्हतें. त्यामुळें सबेनाचा तोट्याचा मार्ग बंद करावा, माणसें कमी करावीं, पगार आवरावे, असें तिनें कितीहि मनांत आणलें तरी ब्रुसेल्सचें सरकार आणि तेथल्या कामगार संघटना यांच्या संमतीवांचून पान हलत नसे. उलट, घेणेकऱ्यांचा हिशेब साधा होता: या कंपनीचा एक सोयरा झूरिचला आहे आणि तो श्रीमंत आहे. लगाम दुसऱ्याच्या हातीं आणि चंदीचा खर्च आपल्याकडे, अशी ही स्थिति. त्यांतच १९९७ सालीं सबेनानें एअरबसच्या एकदम ३४ नव्या विमानांची मागणी नोंदविली. एवढीं विमानें तिच्या कुवतीबाहेरचीं होतीं, हा आक्षेप बेल्जममध्यें पुढें अनेक वर्षें गाजला आणि तेथल्या संसदेच्या चौकशीपर्यंत गेला. कांहीं ठिकाणीं तर भाग घेतांना मूळ करारांच्या पोटांतच अशा अटी होत्या कीं कागदावर बहुमत दुसऱ्याचें राहावें, पण तोटा भरून देण्याची जोखीम मात्र स्विसएअरनें पत्करावी. निम्म्याहून कमी भाग असल्यामुळें या कंपन्यांची सारी देणीं तिच्या ताळेबंदांत उघड दिसत नसत. चोख हिशेबाबद्दल ख्याति असलेल्या पेढीला हें शोभणारें नव्हतें. आणि ज्यांनीं विचारावयाचें त्या संचालक मंडळांत स्विस उद्योगांतलीं आणि राजकारणांतलीं वजनदार नांवें बसलेलीं होतीं.

जुने स्नेही याच सुमारास दूर गेले. १९९९ सालीं डेल्टानें एअर फ्रान्सशीं हातमिळवणी केली. २००० सालीं ऑस्ट्रियन कंपनी लुफ्तान्साच्या गोटांत गेली. त्यापूर्वी २ सप्टेंबर १९९८ च्या रात्रीं न्यूयॉर्कहून जिनीव्हाकडे निघालेलें स्विसएअरचें विमान कॅनडाच्या किनाऱ्याजवळ समुद्रांत कोसळून २२९ माणसें प्राणांस मुकलीं होतीं. तो अपघात या धोरणाचें फळ नव्हे, पण कंपनीच्या मनोधैर्यावर त्याचा आघात मोठा झाला.

जानेवारी २००१ मध्यें ब्रुगिसर यांना जावें लागलें. नेस्ले कंपनीचे अर्थव्यवहार पाहणारे मारिओ कोर्ती मार्चमध्यें आले, आणि एप्रिलमध्यें आंकडा जाहीर झाला: एका वर्षाचा तोटा जवळजवळ २९० कोटी फ्रँक. भागीदाऱ्यांतून बाहेर पडावें तर करार सोडीनात, आंत राहावें तर पैसा पुरेना. फ्रान्समधून आणि जर्मनींतून माघार घेण्यासाठींहि पदरचें द्यावें लागलें. अशांत ११ सप्टेंबर २००१ उजाडला आणि अटलांटिकवरची वाहतूक एकाएकीं थंडावली.

२ ऑक्टोबर रोजीं झूरिचच्या विमानतळावर स्विसएअरचीं विमानें ओळीनें उभीं राहिलीं. यंत्रें ठीक होतीं, वैमानिक हजर होते, हवा स्वच्छ होती कीं नव्हती याला महत्त्वच उरलें नव्हतें. तेल पुरविणाऱ्यांनीं रोख रक्कम मागितली आणि ती नव्हती. उडती पेढी टाकीभर तेलासाठीं अडली. जगभर हजारों उतारू अडकून पडले. सरकारनें ४५ कोटी फ्रँकांचें कर्ज दिल्यावर दोन दिवसांनीं कांहीं विमानें पुन्हा उडालीं, पण पत गेली ती गेलीच. झूरिचहून यावयाचा पैसा थांबतांच सबेनाहि कोसळली. ७ नोव्हेंबर २००१ रोजीं, ७८ व्या वर्षीं, ती दिवाळखोर ठरली आणि सुमारें १२,००० नोकऱ्या गेल्या. १ एप्रिल २००२ रोजीं साओ पाउलोहून आलेलें विमान झूरिचला उतरलें आणि स्विसएअर हें नांव आकाशांतून पुसलें गेलें. २००७ सालीं व्यवस्थापक व संचालक मिळून १९ जणांवर ब्यूलाख येथें खटला चालला. सारे निर्दोष सुटले.

लहान देशांतल्या कंपनीला दुसरा मार्गच नव्हता, असें मात्र म्हणतां येत नाहीं. अल्काझारमध्यें अडून बसलेल्या केएलएमकडे पाहावें. तिनेंहि १९८९ सालीं अमेरिकेच्या नॉर्थवेस्टचे भाग घेतले होते, आणि कारभार कोणाचा यावरून दोघींत कोर्टकचेरीपर्यंत वितुष्ट आलें होतें. १९९७ सालीं केएलएमनें ते भाग परत विकण्याचें कबूल केलें, आणि त्याच वेळीं अटलांटिकवरच्या सहकार्याचा दीर्घ मुदतीचा करार झाला. मालकीचा हट्ट सुटला आणि भांडण मिटलें. पुढें स्विसएअरच्या अवशेषांतून निघालेली ‘स्विस’ ही कंपनी लुफ्तान्सानें घेतली, तेव्हांहि सावधपणा दिसतो: २००५ पासून पायरीपायरीनें भाग घेत, निरनिराळ्या देशांकडून उतरण्याचे हक्क कायम राहतील याची खात्री करून घेत, २००७ सालीं तिनें ती संपूर्ण ताब्यांत आणली. तोंवर स्वित्झर्लंड व युरोपीय संघ यांच्यामध्यें हवाई करार झालेला होता. स्विसएअर ज्या दाराशीं ताटकळत होती तें १ जून २००२ रोजीं उघडलें. म्हणजे तिच्या शेवटच्या विमानानंतर अवघ्या दोन महिन्यांनीं.

इतकें सारें छापून आलेलें असतां तोच खेळ पुन्हा मांडला जाईल असें कोणाला वाटलें नसेल. पण अबू धाबीच्या एतिहाद कंपनीनें तो मांडला. २००३ सालीं स्थापन झालेल्या या कंपनीचा देश लहान आणि तिजोरी मोठी. जेम्स होगन यांच्या कारकीर्दींत तिनें एअर बर्लिनचे सुमारें २९ टक्के, एअर सेशेल्सचे ४०, एअर सर्बियाचे ४९ आणि इटलीच्या अलितालियाचे ४९ टक्के भाग घेतले. पुन्हा निम्म्याच्या आंतले भाग, आणि पुन्हा तोट्यांतल्या कंपन्या. २०१६ सालीं एतिहादचा तोटा १८७ कोटी डॉलरांवर गेला. २०१७ च्या मे महिन्यांत अलितालिया सरकारी प्रशासकांच्या हातीं गेली आणि ऑगस्टमध्यें एअर बर्लिननें दिवाळखोरीचा अर्ज केला.

याच साखळींतला एक दुवा मुंबईंत होता. १९९३ च्या मे महिन्यांत उडूं लागलेल्या जेट एअरवेजनें सरकारी मक्तेदारीनंतरच्या काळांत भारतीय उतारूला चांगल्या सेवेची चव लावली होती. २०१३ सालीं एतिहादनें तिचे २४ टक्के भाग २,०५८ कोटी रुपयांना घेतले. आंकडा २४ चा कां, हें पाहण्यासारखें आहे. भारतीय रोखे बाजाराच्या नियमांप्रमाणें २५ टक्क्यांस पोंचणाऱ्याला इतर भागधारकांचे भागहि घेण्याची तयारी दाखवावी लागते. शिवाय, कारभार खरोखर कोणाच्या हातीं राहणार, ही शंका येथल्या नियामकांनींहि काढली आणि मूळ करारांत फेरफार करावे लागले. हीथ्रो विमानतळावर उतरण्याच्या जेटच्या वेळाहि एतिहादनें सात कोटी डॉलरांना विकत घेतल्या. पैसा आला, तोटा राहिला. आणि २०१९ च्या आरंभीं जेव्हां आणखी पैसा कोणीं घालावा हा प्रश्न आला तेव्हां ५१ टक्केवाला, २४ टक्केवाला आणि कर्ज देणाऱ्या बँका एकमेकांच्या तोंडाकडे पाहत राहिल्या. १७ एप्रिलच्या रात्रीं अमृतसरहून मुंबईस निघालेलें उड्डाण जेटचें शेवटचें ठरलें. ती पुन्हा उभी करण्याचे प्रयत्न पांच वर्षें चालले. ७ नोव्हेंबर २०२४ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें तिची मालमत्ता विकून कंपनी गुंडाळण्याचा हुकूम दिला. त्यानंतर पांचच दिवसांनीं, १२ नोव्हेंबरला, टाटांची विस्तारा कंपनी एअर इंडियांत विलीन झाली, आणि विस्तारांत ४९ टक्के भाग असलेल्या सिंगापूर एअरलाइन्सला नव्या एअर इंडियाचे २५.१ टक्के भाग मिळाले.