पिटातले काका

चाकणहून सुटलेली कंपनीची बस भोसरीच्या सिग्नलला अडकली आहे आणि तुमच्या मांडीवर शेरिडनचं 'द स्कूल फॉर स्कँडल' उघडं आहे. शिफ्ट सांभाळून बी.ए. करायचं म्हणजे अभ्यास असाच. पण लेडी स्नीअरवेल कोणाबद्दल काय म्हणाली याच्या नोट्स काढून कुचाळकी कळत नाही, ती कानावर पडावी लागते. मिटा पुस्तक, उतरा खाली. जपून! डांबर संपलंय.

साल 1917च्या पुढेमागे धरा. पावलं धुळीत रुतताहेत. समोर कांद्याच्या पोत्यांनी भरलेली बैलगाडी आहे आणि गाडीवानाला चिंचवड स्टेशनावर माल उतरवायचाय. बसा पोत्यांवर. ना भोंगा, ना शेड, दोन्हीकडे नुसती शेतं. स्टेशन येईपर्यंत सदऱ्याला कांद्याचा असा वास लागतो की थर्ड क्लासच्या डब्यातसुद्धा शेजारचा जरा सरकून बसतो. विडीचा धूर, लाकडी बाक, डोळ्यात कोळशाची कुसळं. चोळू नका, आणखी चुरचुरेल.

लंडनला काही जायचं नाही आपल्याला, पुण्यातच नाटक बघायचंय. जे ड्रुरी लेन थिएटर पुढे शेरिडनचं झालं, तिथेच 1761 साली आर्थर मर्फीचं 'ऑल इन द राँग' झालं होतं. मर्फीने ते मोलिएरवरून उचललं, मर्फीवरून गोविंद बल्लाळ देवलांनी घेतलं आणि पार पुणेरी करून टाकलं. तेच 'संगीत संशयकल्लोळ' आज गंधर्व नाटक मंडळी करते आहे. देवल मात्र ते संगीतात उभं राहण्याआधीच, जून 1916 मध्ये, गेले.

पिटात शिरा. आत उकडतंय. धूप, अत्तर, घाम, कुणाच्या तरी पुडीतली भजी आणि तुमचा कांदा. गॅसबत्त्या सूं सूं करताहेत. तिसरी घंटा होते, पडदा वर जातो, तरी मागच्या बाकावरच्या काकांचं तोंड थांबत नाही. तिकडे तो लाल पगडीवाला बसलाय ना, त्याच्या घरात म्हणे... पुढचं सारंगीत बुडतं. तुम्ही नकळत मान मागे वळवता, ऐकायला.

नारायण श्रीपाद राजहंस ऊर्फ बालगंधर्व रेवती होऊन येतात आणि वर बायकांच्या बाजूला बांगड्या किणकिणतात. शालूचा काठ कसा घेतलाय, ते तिथे आत्ताच पाठ होतंय. मग रेवतीला भोवळ येते. गणपतराव बोडसांचा फाल्गुनराव तिला सावरायला धावतो, आणि नेमकं तेच त्याच्या बायकोच्या, कृत्तिकेच्या, नजरेला पडतं. रेवतीच्या हातून तिच्या प्रियकराची, अश्विनशेठची, तसबीर पडलेली असते, ती कृत्तिका उचलते. ती निरखत असताना फाल्गुनराव परततो. परक्या पुरुषाची तसबीर! बोडस नुसते डोळे बारीक करतात आणि अख्खं पिट हसून कोसळतं. बाक हलतो, तुमच्या खांद्यावर कुणाची तरी थाप पडते. गाणं झालं की 'वन्स मोअर'चा गिल्ला. तेच पद पुन्हा, पुन्हा 'वन्स मोअर', आणि घड्याळाकडे बघायची कुणाला शुद्ध नाही.

सर्वांत मोठ्याने हसतात ते मागचे काका. डोळे पुसत म्हणतात, "काय संशयी माणूस हो!" आणि लगेच पगडीवाल्याची गोष्ट जिथे सोडली होती तिथून पुढे सुरू.

नाटक सुटेपर्यंत पहाट होते. परतीच्या गाडीत काका तुमच्याच डब्यात. तुम्ही डोळे मिटून घेता, पण कान उघडे आहेत. खडकीला ते शेजाऱ्याला हळूच सांगतात, हे गृहस्थ रात्रभर एका बाईवरून नजर हलवत नव्हते. दापोडीच्या पुलावर ती बाई मोठ्या घरची होते. शेजारी विचारतो, "नवरा नव्हता बरोबर?" चिंचवड यायच्या आत त्या बाईने तुम्हाला चिठ्ठीसुद्धा धाडलेली असते.

तुम्ही उठून सांगून टाका की ती बाई म्हणजे नारायण श्रीपाद राजहंस होते. काका क्षणभर तोंडाकडे बघतात, मग शेजाऱ्याकडे सरकून म्हणतात, "बघा, नाव-गाव सगळं ठाऊक आहे!"