दळणवळणाच्या परिभाषेतील तीन शब्द

परकीय यंत्राबरोबर त्याचे नावही परकीयच येते, असा समज रूढ आहे. ‘तार’ या शब्दाने तो खोटा पाडला. धातूची तार, तीवरून गेलेला संदेश व तो लिहिलेला कागद, या तिन्हींस मराठी व्यापाऱ्याने भाषेत आधीच वावरणारा एकच शब्द लाविला. मालवणच्या पेढीवर ‘तार आली’ म्हणताच, भाव कळला की कोणाचे मरण, एवढाच प्रश्न उरे. जुलै २०१३ मध्ये तारसेवा बंद झाली. शब्द मात्र स्मरणात आहे.

‘दूरध्वनी’ची गोष्ट निराळी. तो छापील पत्रशीर्षावर टिकला. बोलण्यात ‘फोन’च राहिला. ‘भ्रमणध्वनी’चेही तेच झाले. (शिवकालीन राजव्यवहारकोशाने फारसी शब्दांस संस्कृत पर्याय दिले, तरी दप्तर, कागद व दौत मराठीतून हलली नाहीत, हे येथे आठवावे.)

१५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमाने इंटरनेट भारतात सर्वांस खुले केले. त्यास ‘आंतरजाल’ म्हणावे की ‘महाजाल’, याविषयी एकमत नाही. वस्तुतः सिंधुदुर्गाच्या किनाऱ्यास जाळ्याची कल्पना शिकवावी लागत नाही. रापणीचे जाळे पुष्कळ माणसे दोन्ही टोकांनी मिळून ओढतात व मासळी वाटून घेतात. तरीही तेथील व्यवहारात रुळला तो ‘नेट’. जोर या अर्थाचा ‘नेट’ मराठीत पूर्वीपासून होताच, आणि रापण ओढावयास तोच लागतो.