संगणकास वारा घालण्याचा इतिहास



नवा संगणक जुळवून घ्यावयाचा म्हणजे गिऱ्हाइकापुढें एक प्रश्न हटकून येतो: प्रोसेसरवर कूलर कोणता बसवावा? अनेक प्रोसेसरांच्या खोक्यांत कंपनीनेंच एक लहानसा कूलर ठेवलेला असतो. दुसऱ्या टोकास पाण्याच्या नळ्यांचा आणि रंगीत दिव्यांचा कूलर असतो. त्याची किंमत कधीं कधीं प्रोसेसरच्या किंमतीस जाऊन भिडते. या दोहोंच्या मध्यें, धातूच्या पत्र्यांचा मनोरा व त्यास लावलेला पंखा, असा एक साधा प्रकार आहे. तो दिसण्यांत ओबडधोबड व किंमतीनें माफक, म्हणून दुकानाच्या फळीवर मागें पडलेला असतो. मध्यमवर्गीय घरास बहुधा तोच पुरतो, असें माझें मत आहे. हें मत केवळ काटकसरीचें नाहीं; त्यास पाऊणशें वर्षांहून अधिक काळाच्या इतिहासाचा आधार आहे.

संगणक जी वीज घेतो तिची अखेरीस जवळजवळ सर्वच्या सर्व उष्णता होते. विजेच्या प्रवाहानें तार किती तापते, हें जूल नांवाच्या इंग्रज शास्त्रज्ञानें १८४० च्या सुमारास मोजून दाखविलें. संगणक कितीही बुद्धिमान् झाला तरी त्या नियमांतून त्याची सुटका नाहीं. १९४६ सालीं अमेरिकेंतील फिलाडेल्फिया येथें जगापुढें आलेल्या एनिॲक यंत्रांत सुमारें १८,००० निर्वात नळ्या होत्या, आणि त्यास १५० किलोवॅटच्या आसपास वीज लागे. आपल्या न्हाणीघरांतील गीझर २ किलोवॅटचा असतो. म्हणजे असे पाऊणशें गीझर एकाच दालनांत सतत पेटलेले! त्या यंत्रावर मोठाल्या पंख्यांनीं हवा सोडावी लागे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेनें १९६० सालीं चालू केलेला टिफ्रॅक हाही नळ्यांचाच संगणक. त्यांत त्या सुमारें २७०० होत्या.

मध्यंतरीं मात्र ही अडचण नाहींशी झाल्यासारखी दिसली. १९४७ च्या डिसेंबरांत बेल प्रयोगशाळेंत ट्रान्झिस्टर जन्मास आला आणि पुढें तापणाऱ्या नळ्या हद्दपार झाल्या. १९७१ सालीं इंटेलनें काढलेल्या ४००४ या चिपेंत २३०० ट्रान्झिस्टर होते. १९८१ सालच्या आयबीएमच्या छोट्या संगणकांत प्रोसेसर अगदीं उघडा बसविलेला असे. त्यावर ना पत्रा, ना पंखा. आयबीएममधील रॉबर्ट डेनार्ड यांनीं १९७४ सालीं आपल्या सहकाऱ्यांसह असें दाखवून दिलें होतें कीं, ट्रान्झिस्टर लहान करीत गेलें आणि त्याच प्रमाणांत विजेचा दाबही उतरवीत गेलें, तर तितक्याच जागेंत अधिक ट्रान्झिस्टर भरूनही उष्णता वाढूं नये. पुष्कळ वर्षें हें गणित बरें चाललें. परंतु विक्रीच्या चढाओढींत वेगाचा हव्यास गणिताच्या पुढें धांवला. १९९३ च्या पहिल्या पेंटियमपाशीं आंकडा सुमारें १५ वॅटवर आला, आणि प्रोसेसरच्या डोक्यावर पंखा दिसूं लागला.

या पंख्याखालीं खांचा पाडलेला एक धातूचा ठोकळा असतो, त्यास हीटसिंक म्हणतात. त्याचें तत्त्व आपण घरांत रोज पाहतों. कपांतला कढत चहा निवत नाहीं म्हणून तो बशींत ओततों आणि वर फुंकर घालतों. चहा तोच, पण हवेशीं त्याचा संबंध येणारा पृष्ठभाग वाढला आणि तापलेली हवा फुंकरीनें दूर झाली. हीटसिंकचे पत्रे ही बशी आणि पंखा ही फुंकर. खरी अडचण निराळीच आहे. नखाएवढ्या चिपेंत निघालेली उष्णता पत्र्यांच्या टोकांपर्यंत पोंचावयास हवी. ती पोंचली नाहीं तर बशी कितीही मोठी घेऊन उपयोग नाहीं. तांबें ॲल्युमिनियमपेक्षां सुमारें पावणेदोनपट चांगली उष्णता वाहून नेतें, पण तें जड आणि महाग.

ही अडचण विकोपास गेली ती २००१ ते २००४ या वर्षांत. इंटेलचे पॅट गेल्सिंगर यांनीं २००१ सालीं तंत्रज्ञांच्या एका परिषदेंत इशारा दिला कीं, असेंच चालू राहिलें तर थोड्याच वर्षांत चिपेच्या तेवढ्याशा पृष्ठभागांतून अणुभट्टीच्या तोडीची उष्णता निघूं लागेल. त्याच वर्षीं, चालत्या संगणकावरील कूलर काढून घेण्याचा एक प्रयोग चित्रित करून दाखविण्यांत आला. त्यांत एएमडीचा ॲथलॉन पाहतां पाहतां जळाला आणि इंटेलचा पेंटियम ४ मंदावून जिवंत राहिला. पुढें स्वसंरक्षणाची ही युक्ति सर्वच प्रोसेसरांत आली. तिचा एक परिणाम गिऱ्हाइकानें ध्यानांत ठेवावा: कूलर अपुरा असला तर आज प्रोसेसर सहसा जळत नाहीं, तो गुपचूप हळू चालतो. पैसे पूर्ण वेगाचे मोजलेले असतात, आणि घरांत कोणास पत्ताही लागत नाहीं.

२००४ सालच्या पेंटियम ४ च्या कांहीं नमुन्यांत उष्णता ११५ वॅटवर चढली. मे महिन्यांत इंटेलनें त्याचा नियोजित वारस रद्द केला. ऑक्टोबरांत ४ गिगाहर्ट्‌झचा प्रोसेसर काढण्याचा बेतही सोडून दिला, आणि कंपनीचे मुख्याधिकारी क्रेग बॅरेट यांनीं एका सभेंत, अर्धें गमतीनें, व्यासपीठावर गुडघे टेकून क्षमा मागितली. अतिसूक्ष्म झालेल्या ट्रान्झिस्टरांतून वीज गळूं लागली होती, दाब आणखी उतरवितां येईना. डेनार्डचें गणित संपलें होतें. वर्गांत राजेरजवाड्यांच्या शरणागतीच्या हकीकती मीं पुष्कळ सांगितल्या. परंतु उष्णतेपुढें गुडघे टेकणाऱ्या उद्योगपतीची ही हकीकत सांगावयास मिळाली असती तर मुलें अधिक जागीं राहिलीं असतीं.

यापुढें वेगाऐवजीं एका चिपेंत अनेक गाभे बसविण्याकडे कारखान्यांचा कल झाला. उष्णता वाहून नेण्याचें काम मात्र एका जुन्या नळीनें पत्करलें. एकोणिसाव्या शतकांत इंग्लंडांतील पर्किन्स घराण्यानें, आंत पाणी घालून दोन्ही टोकें बंद केलेल्या नळ्या काढल्या होत्या. त्या पावाच्या भट्ट्यांत वापरीत. अमेरिकेंतील जनरल मोटर्सचे रिचर्ड गॉग्लर यांस १९४४ सालीं पेटंट मिळालें त्यांत या नळीस वातीची जोड आली, पण तें तसेंच पडून राहिलें. १९६३ सालीं लॉस ॲलामॉस येथें जॉर्ज ग्रोव्हर यांनीं ती स्वतंत्रपणें पुन्हां शोधून काढली आणि तिला हीट पाइप हें नांव दिलें. पुढें ती उपग्रहांत गेली.

भात शिजतांना पातेल्यावरील झांकणास आंतून थेंब धरतात आणि झांकण हातास चटका देतें; तळची उष्णता वाफेनें वर आणून सोडलेली असते. नळींतही तेंच घडतें. चिपेकडील टोकास पाण्याची वाफ होते, पत्र्यांकडील टोकास वाफेचें पुन्हां पाणी होतें, आणि तें पाणी नळीच्या सच्छिद्र अस्तरांतून माघारीं येतें, समईच्या वातींतून तेल चढावें तसें. नळींतील हवा काढून घेतलेली असल्यामुळें पाणी थोड्या उष्णतेनेंच उकळतें. यांत चाक नाहीं, पंप नाहीं, झिजावयाचें कांहीं नाहीं. पाण्याच्या कूलरांत पंप असतो, आणि पंप केव्हां तरी थकतोच.

१९९० नंतरच्या दशकांत ही नळी मांडीवरच्या संगणकांत आली, आणि २००५ च्या आगेमागें टेबलावरच्या संगणकांत पत्र्यांचे उंच मनोरे उभे राहिले. कूलर मास्टरचा हायपर २१२ इव्हो २०११ सालीं निघाला: चार नळ्या, १२० मिलिमीटरचा एक पंखा, अमेरिकेंत किंमत सुमारें ३५ डॉलर. कित्येक वर्षें स्वस्त कूलरांत तोच प्रमाण मानला जाई. २०२२ सालीं तैवानच्या थर्मलराइटनें पिअरलेस असॅसिन १२० एसई हा सहा नळ्यांचा, दोन मनोऱ्यांचा व दोन पंख्यांचा कूलर जवळजवळ त्याच किंमतीस आणला, आणि परीक्षणांत तो दुप्पट किंमतीच्या कूलरांच्या पंक्तीस बसला. नांवांत मारेकरी आहे, पण वस्तु सज्जन आहे!

आतां निवडीविषयीं. खोक्यावरील वॅटच्या पहिल्या आंकड्यावर विसंबूं नये. २०२२ सालचा इंटेल आय५-१२४०० हा ६५ वॅटचा म्हणवितो, पण जोर लावला म्हणजे ११७ पर्यंत जातो; त्याच सालचा आय९-१३९००के १२५ वरून २५३ वर चढतो. पहिल्यास चार नळ्यांचा साधा मनोरा पुष्कळ झाला. दुसऱ्यासारखा प्रोसेसर घेऊन जो दिवसभर चित्रपटांचें संकलन करणार, त्यानेंच पाण्याच्या कूलरचा विचार करावा. पत्रव्यवहार, हिशेब आणि मुलांचा अभ्यास यांसाठीं खोक्यांतला फुकट कूलरही बहुधा चालतो, फक्त त्याचा लहान पंखा वेगानें फिरतो व कुरकुरतो. मोठा पंखा सावकाश फिरूनही तितकीच हवा देतो.

विदर्भांतील श्रोत्यांनीं कूलर या शब्दानें वाळ्याच्या पडद्यांची टांकी डोळ्यांपुढें आणूं नये. ती टांकी हवाच थंड करते. हा कूलर खोलींत असेल त्याच हवेवर काम करतो, मग तो पत्र्यांचा असो कीं पाण्याचा. २५ अंशांच्या खोलींत ७० अंशांवर राहणारा प्रोसेसर मे महिन्यांत ४२ अंशांच्या खोलींत सुमारें ८७ वर जाईल, आणि बहुतेक प्रोसेसर ९५ ते १०० च्या दरम्यान मंदावूं लागतात. म्हणून नागपूरकरानें पुणेंकरापेक्षां एक पायरी वरचा मनोरा घ्यावा.

दुकानांत जाण्यापूर्वीं दोन गोष्टी पाहाव्या. एक, बैठक: इंटेलनें २०२१ सालीं प्रोसेसरभोंवतालच्या भोकांतील अंतर बदललें, त्यामुळें त्यापूर्वींचे कूलर नव्या पट्टीवांचून बसत नाहींत, एएमडीच्या २०१६ च्या बैठकीचे बहुतेक कूलर मात्र २०२२ च्या बैठकीवरही बसतात. दुसरी, उंची: मनोरे साधारणतः १५५ ते १६० मिलिमीटर उंच असतात. कॅबिनेटच्या माहितीपत्रकांत कूलरसाठीं किती जागा दिली आहे तें वाचावें, आणि पत्रक हरवलें असेल तर मुलांची मोजपट्टी घेऊन बोर्डापासून बाजूच्या पत्र्यापर्यंतचें अंतर स्वतः मोजून घ्यावें.