बोईसर ते अँटवर्प, व्हाया मेहेरबाई

मागच्या महिन्यात ऑफिसात सगळ्यांना एक मेल टाकला. जानेवारीत मुंबई मॅरेथॉन धावतोय, अर्धी नाही, पूर्ण. ब्लड कॅन्सरच्या संशोधनासाठी पैसे गोळा करतोय, जमेल तेवढे द्या. पहिलं उत्तर शेजारच्या क्युबिकलमधून आलं, तेही तोंडी. "पैसे देतो रे, पण त्यासाठी तू धावायचं कशाला? हे सगळं अमेरिकन खूळ!"

पैसे दिले त्याने, तक्रार नाही. पण वाक्य डोक्यात अडकून बसलं. शनिवारची लांबची रन संपवून पाय गरम पाण्याच्या बादलीत सोडून बसलं, की वाचण्याशिवाय दुसरं काही करता येत नाही. दोन-तीन शनिवारच्या बादल्यांमधून हा लेख निघाला आहे.

आधी मित्राची बाजू. १९८८ साली न्यूयॉर्कमध्ये ब्रूस क्लेलँड नावाच्या गृहस्थाने ३८ जण जमवले. त्याच्या लहान मुलीला ल्युकेमिया झाला होता. हे ३८ जण न्यूयॉर्क मॅरेथॉन धावले आणि तिथल्या ल्युकेमिया सोसायटीसाठी त्यांनी ३ लाख २२ हजार डॉलर जमवले. 'टीम इन ट्रेनिंग' नावाचा प्रचंड उपक्रम त्यातून उभा राहिला. आपली मुंबई मॅरेथॉन सुरू झाली २००४ मध्ये. म्हणजे तारखा मित्राच्या बाजूने आहेत. मलाही गेल्या महिन्यापर्यंत तसंच वाटायचं.

आता जरा मागे जाऊ. पुणे, १९१९. डेक्कन जिमखान्याच्या मैदानी स्पर्धा. अध्यक्ष सर दोराबजी टाटा, म्हणजे जमशेटजींचे थोरले चिरंजीव. लांब पल्ल्याच्या शर्यतीत उतरलेले बरेचसे गडी शेतकरी घरातले, अनवाणी धावणारे. ना कोच, ना तंत्र. तरीही त्यांच्या वेळा युरोपातल्या धावपटूंच्या वेळांच्या फार मागे नाहीत, हे दोराबजींच्या लक्षात आलं. दुसरा कुणी असता तर बक्षिसं वाटून, भाषण ठोकून घरी गेला असता. यांनी मुंबईच्या गव्हर्नरांपर्यंत विषय नेला, खटपट केली, खिशात हात घातला आणि १९२० च्या अँटवर्प ऑलिंपिकला सहा जण पाठवले. चार धावपटू, दोन पैलवान.

त्यातले दोघे मॅरेथॉन धावले. सदाशिव दातारांना शर्यत पूर्ण करता आली नाही. दुसरे बेळगावचे फडेप्पा चौगुले. २ तास ५० मिनिटं, १९ वा क्रमांक. आणि हो, तेव्हा अंतर आजच्यासारखं ४२.१९५ नव्हतं, तब्बल ४२.७५ किलोमीटर होतं. शेवटचे साडेपाचशे मीटर जास्तीचे! ज्यांनी पस्तिसाव्या किलोमीटरनंतर स्वतःच्याच पायांशी भांडण केलंय, त्यांना हा आकडा कळेल. पण चौगुल्यांचं नाव आपल्यापैकी कितींना माहीत असतं? मला नव्हतं.

अकरा वर्षांनी, जून १९३१ मध्ये, दोराबजींच्या पत्नी मेहेरबाई वेल्समधल्या एका नर्सिंग होममध्ये गेल्या. साडी नेसून टेनिस खेळणारी, बायकांच्या हक्कांसाठी सभा गाजवणारी बाई. वय अवघं ५१. आजार ल्युकेमिया. तेव्हा या रोगावर आर्सेनिक आणि क्ष-किरण यापलीकडे डॉक्टरांच्या हातात फारसं काही नव्हतं, आणि त्यानेही रोग जात नव्हता. एप्रिल १९३२ मध्ये दोराबजींनी लेडी टाटा मेमोरियल ट्रस्ट स्थापन केला. उत्पन्नाचे चार-पंचमांश ल्युकेमियाच्या संशोधनाला, मग संशोधक जगात कुठलाही असो. उरलेला वाटा भारतातल्या संशोधनाला. त्यानंतर दोन महिन्यांच्या आतच, ३ जून १९३२ ला, जर्मनीत दोराबजीही गेले.

म्हणजे बघा, अनवाणी धावपटूंना मॅरेथॉनसाठी युरोपला पाठवणारा माणूस आणि ल्युकेमियाच्या संशोधनाला जगभर पैसे पुरवणारा माणूस एकच. मधे १२ वर्षांचं अंतर. मी पेशाने इंजिनिअर. दोन गोष्टी शेजारी दिसल्या की मला लगेच फंक्शन कॉल दिसायला लागतो. पण प्रामाणिकपणे सांगतो, दोराबजींनी हे दोन धागे जोडलेले नव्हते. ती जोडणी माझी.

तिसरा धागा मात्र खरोखरचा आहे, आणि तो आमच्या गावातून जातो. मेहेरबाई माहेरच्या भाभा. त्यांचे भाऊ जहांगीर, आणि जहांगीर यांचा मुलगा होमी. होमी भाभांची ही सख्खी आत्या. आमच्या तारापूरच्या अणुवीज केंद्राची आखणी त्याच भाच्याच्या काळातली. १९६९ मध्ये वीज सुरू झाली, तेव्हा भाभा नव्हते. परळचं टाटा मेमोरियल हॉस्पिटल १९४१ चं, दोराबजींच्या नावाच्या ट्रस्टने उभारलेलं. ते १९६२ मध्ये अणुऊर्जा खात्याकडे आलं. म्हणजे लहानपणी घराच्या गच्चीवरून दिसणाऱ्या चिमण्या आणि परळचं हॉस्पिटल एकाच खात्याचे. बोईसरला ब्लड कॅन्सर म्हटलं की माणसं आधी समुद्राच्या दिशेने बघतात. त्याच खात्याच्या हॉस्पिटलात मग रांग लावतात. आमच्याकडे "त्याला टाटाला नेलाय" एवढं म्हटलं की पुढचं विचारायची गरज नसते.

आमच्या पीटीच्या सरांना १९९७ च्या पावसाळ्यात टाटाला नेलं. सर म्हणजे चिंचणीच्या किनाऱ्यावर ओहोटी लागली की सुरूच्या झाडांपासून आम्हाला पळवत न्यायचे, स्वतः पुढे, अनवाणी. "बूट नंतर घ्या रे, आधी दम कमवा." निदान झालं सीएमएल, क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया. गोळ्या खाऊन शाळेत यायचे, शिट्टी वाजवायचे. पुढे शिट्टीला दम पुरेना. १९९९ च्या दिवाळीनंतर गेले.

मे २००१ मध्ये अमेरिकेत इमॅटिनिब नावाच्या गोळीला मान्यता मिळाली. नेमकी सीएमएलवरची. ज्या रोगात माणूस काही वर्षांत जायचा, त्यात रोज गोळी घेऊन बहुतेकांना जवळजवळ सर्वसाधारण आयुष्य जगता येऊ लागलं. सर दीड वर्षाने चुकले. हे मला पहिल्यांदा कळलं तेव्हा कॉलेजच्या लायब्ररीत होतो, आणि खूप राग आला. कुणाचा, ते अजून ठरवता आलेलं नाही.

त्या गोळीची गोष्टही बघा. या रोगातलं विचित्र दिसणारं गुणसूत्र फिलाडेल्फियात दोघांना दिसलं १९६० मध्ये. ते दोन गुणसूत्रांच्या तुकड्यांची अदलाबदल होऊन बनतं, हे जॅनेट राउली यांनी दाखवलं १९७३ मध्ये. गोळी २००१ मध्ये. एकूण ४१ वर्षं! जवळपास किलोमीटरला एक वर्ष. यात कुठेतरी कुणीतरी कंटाळून पैसे देणं थांबवलं असतं, तर आणखी किती वर्षं लागली असती? आणि उलट, कुणी थोडे जास्त दिले असते तर दीड वर्ष वाचलं असतं का? या दुसऱ्या प्रश्नाला उत्तर नाही, पण मी धावतो तो त्याच्यासाठी.

असो. अलीकडची एक गोष्ट. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियल यांनी मिळून काही प्रकारच्या ब्लड कॅन्सरवर कार-टी उपचार विकसित केला, नेक्सकार-१९. रुग्णाच्याच पेशी काढून, बदलून, परत द्यायच्या. ऑक्टोबर २०२३ मध्ये मान्यता, एप्रिल २०२४ मध्ये राष्ट्रपतींच्या हस्ते लोकार्पण. परदेशात कोटींत जाणारा खर्च इथे काही लाखांत आला, पण तेही चाळीसेक लाख. चिंचणीच्या पीटी सरांना परवडायला अजून बरंच अंतर बाकी आहे.

हे सगळं शुक्रवारी जेवताना मित्राला ऐकवलं. त्याने शांतपणे डबा संपवला आणि विचारलं, "चौगुल्यांचा टायमिंग किती म्हणालास?"

"दोन पन्नास."

"आणि तुझा?"

म्हटलं, पाच तासांच्या आत आलो तरी सगळ्या फ्लोअरला पेढे. त्याने लगेच फोन काढून आणखी पाचशे रुपये पाठवले. सोबत मेसेज : 'पेढ्यांचे धरून.' :)

उद्या पहाटे २८ किलोमीटर आहेत. झोपतो.