एस्प्लनेड मॅन्शन : वास्तूच्या रूपांतराचा इतिहास

मुंबईतील काळाघोडा परिसरातील एस्प्लनेड मॅन्शन ही वास्तू मूळची वॉटसन हॉटेल होय. इंग्लंडमध्ये तयार केलेल्या बिडाच्या सांगाड्यावर १८६० च्या दशकात ती उभारण्यात आली. ७ जुलै १८९६ रोजी ल्युमिए बंधूंची चलचित्रे येथेच दाखविण्यात आली. तिचा लौकिक बहुधा एवढ्यावरच थांबतो. वस्तुतः हॉटेल बंद पडल्यानंतरचा काळ अधिक बोलका आहे. दालनांत आडभिंती घालून लहान खोल्या पाडण्यात आल्या. न्यायालये जवळ असल्याने वकिलांची कार्यालये आली आणि शेजारीच कुटुंबांचे संसार थाटले गेले. भाडे नियंत्रणाने भाडेकरूंना संरक्षण दिले, परंतु गोठलेल्या भाड्यातून दुरुस्ती होईना. २००५ मध्ये वास्तूचा काही भाग कोसळला. २०१९ मध्ये उच्च न्यायालयाने ती रिकामी करण्याचा आदेश दिला. आयआयटी मुंबईच्या अहवालाने पाडकाम सुचविले. वारसातज्ज्ञांनी त्यास विरोध केला.