दफ्तराबाहेरची सुईण

तारापूरच्या किनाऱ्यावर पोर्तुगीजांचा अंमल होता, 1739 साली चिमाजीअप्पांच्या मोहिमेत तेथील कोट मराठ्यांकडे आला, पुढे इंग्रजांनी ठाणे जिल्ह्यात माहीम तालुका बांधला आणि रेल्वेमार्ग झाल्यावर कालांतराने त्या तालुक्याची कचेरी पालघरास हलली. या राजवटींनी शेते मोजली, पिकांची आकारणी केली, मिठागरांवर कर बसविला, परंतु गावातील जीव जिच्या हातावर जन्मास येत त्या सुईणीची विचारपूस दफ्तराने क्वचितच केली. देशावर हे काम पुष्कळदा न्हाव्याची किंवा मांगाची बायको करी. पण बलुते नवऱ्याच्या नावाचे, आणि बारा बलुतेदारांच्या यादीत सुईण म्हणून स्वतंत्र नाव नाही.

डोंगरउतारावरील वारली पाड्यांत स्त्रीचा अधिकार याहून पुष्कळ ठळक होता. तेथे लग्न लावणारी धवलेरी ही स्त्री, भिंतीवर लग्नचौक लिहिणाऱ्या सुवासिनी याही स्त्रिया, आणि त्या चौकात विराजमान होणारी पालघट ही देवीच. अशा समाजात बाळंतपणाची मुखत्यारी सुईणीकडे असावी यात नवल ते काय? कुडाच्या घरात, ओळखीच्या बायकांच्या घोळक्यात, जिने स्वतः कळा सोसल्या आहेत अशा वडीलधारीच्या हाती गरोदर स्त्री प्रसूत होई, आणि पाचवीचे विधी होईपर्यंत सुईणीचा शब्द घरात चाले. किनाऱ्यावरच्या गावांतून पहिले बाळंतपण माहेरी करण्याचा प्रघात होता. कुलाचार म्हणून पाळल्या गेलेल्या त्या रूढीत, सासरच्या कामातून काही महिने सुटका मिळण्याचा स्त्रीचा एक हक्कच दडलेला होता, असे मला वाटते.

तथापि या चित्राने भुलून जाणे बरे नव्हे. नाळ अस्वच्छ हत्याराने कापली की धनुर्वात, वार अडकली की रक्तस्राव, आणि मूल आडवे आले की सुईणीची विद्या तेथेच संपे. शिवाय ज्या घरात बाळंतपण होई ते घर तरी कोणाचे? लग्नासाठी काढलेल्या कर्जापोटी जमीनदाराकडे बांधला गेलेला लग्नगडी आणि त्याच्यासह वेठीस धरली गेलेली त्याची बायको, यांना स्वतःच्या देहावरच सत्ता नव्हती; मग दिवस भरत आलेल्या स्त्रीला विसावा कोणी द्यावा? 1945 च्या मे महिन्यात तलासरीजवळील झरी येथे गोदावरी व शामराव परुळेकर यांच्या पुढाकाराने वारल्यांची परिषद भरली आणि वेठीविरुद्धचा लढा उभा राहिला, त्या घटनेस प्रसूतीच्या इतिहासातही स्थान दिले पाहिजे. कोणत्याही इस्पितळापूर्वी तेथील स्त्रीला हवी होती ती ही मोकळीक.

इस्पितळ हे केवळ परक्यांनी लादलेले संकट होते, असेही नव्हे. तारापुरात पारशांची जुनी वस्ती आहे. त्या समाजात बाळंतिणीला चाळीस दिवस वेगळे बसविण्याची चाल होती, आणि असल्या कोंडीतील बाळंतरोगांस उपाय म्हणून डॉ. तेमुलजी नरिमन यांनी 1887 साली मुंबईत पारशी प्रसूतिगृह काढले. त्याच्या आदल्याच वर्षी, ठाणे जिल्ह्यातल्याच कल्याणच्या आनंदीबाई जोशी यांनी अमेरिकेत पदवीसाठी निबंध लिहिला तो प्राचीन हिंदूंच्या प्रसूतिशास्त्रावर. घरची विद्या आणि बाहेरची विद्या एकाच स्त्रीच्या हाती येण्याचा तो योग होता. तो अल्पायुषी ठरला.

1969 साली तारापूरचे अणुवीज केंद्र सुरू झाले, आणि त्याच साली जन्ममृत्यू नोंदणीचा कायदा झाला. घरी बाळंत होणे या कायद्याने गुन्हा ठरविले नाही. घरच्या जन्माची माहिती कुटुंबप्रमुखाने द्यावी आणि सुईणीनेही वर्दी द्यावी, एवढे सांगितले. दफ्तरास सुईण अखेर आठवली ती वर्दी देणारी म्हणून! पुढे दायांना प्रशिक्षण देण्याच्या योजना आल्या, आणि 2005 च्या जननी सुरक्षा योजनेनंतर सरकारचा सारा कल दवाखान्यातील प्रसूतीकडे वळला. राष्ट्रीय पाहणीप्रमाणे महाराष्ट्रातील संस्थात्मक प्रसूतींचे प्रमाण 2005-06 मधील 64.6 टक्क्यांवरून 2019-21 मध्ये 94.7 टक्क्यांवर गेले. या फेरबदलाने जीव वाचले, हे नाकारणे कृतघ्नपणाचे होईल. परंतु ज्या स्त्रीसाठी हे केले तिची इच्छा विचारण्याचा रकाना कोणत्याच नोंदवहीत नव्हता. उलट रस्त्याअभावी मोखाड्यासारख्या तालुक्यात गरोदर स्त्रीला आजही डोलीत घालून न्यावे लागते. तिचे घरी बाळंत होणे ही निवड नव्हे, नाइलाज आहे. आणि बोईसरच्या कारखान्यांच्या आश्रयाने चाळीत राहणाऱ्या परप्रांतीय मजुराच्या बायकोला दवाखाना जवळ असला, तरी माहेर शेकडो कोस दूर असते.

2016 साली केंद्र सरकारने सरकारी दवाखान्यांत प्रसूतीच्या वेळी एका सोबतिणीस आत राहू देण्याची सूचना काढली. ती स्वतः प्रसूतीचा अनुभव घेतलेली स्त्री असावी, ही त्यातील एक अट. पालघर-बोईसरच्या सरकारी रुग्णालयात लेकीसुनेला घेऊन जाणाऱ्या वाचकाने ही सूचना ध्यानी ठेवावी, आत कोणी यावे हे तिलाच विचारावे, आणि दाराशी अडविले तर तिच्या वतीने ही सोबत हक्काने मागावी.